चहाच्या पाण्यातली सनद

आमच्या शाळेत दरवर्षी हस्तलिखितांचं प्रदर्शन भरतं. शाळा उर्दू माध्यमाची, मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे दोन्ही भाषांचे तक्ते माझ्याच गळ्यात पडतात. बारा-तेरा वर्षांपूर्वी आठवीच्या मुलांना मी एक काम दिलं होतं. तीनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या माणसाने लिहिलंय असं वाटेल असं एक पत्र लिहून आणा. मजकूर उर्दूत किंवा मराठीत, जसा जमेल तसा.

मुलांनी मजकूर झकास लिहिला, पण वहीच्या रेघी पानावर. डाव्या बाजूला लाल समास आणि वर 'आदरणीय बादशहा साहेब'. एक मुलगा म्हणाला, "सर, जुना कागद आणायचा कुठून?"

मी म्हटलं, "आणायचा नाही, बनवायचा."

बीएडला असताना आमच्या एका मॅडमनी चहाच्या पाण्यात कागद भिजवून दाखवला होता, तेवढीच माझी पुंजी. घरी करून पाहिलं. पहिला कागद झेरॉक्सचा होता, तो भिजल्यावर ताटाला चिकटला आणि उचलताना फाटला. दुसऱ्यांदा चित्रकलेचा जाड कागद घेतला. कोरा चहा उकळून गाळला, गार केला, पसरट ताटात ओतला. कागद आधी चुरगाळून, मग सरळ करून त्यात बुडवला. चुरगाळल्यामुळे जिथे जिथे कागदाचे धागे मोडलेले असतात तिथे रंग जास्त शिरतो आणि जाळीसारख्या गडद रेघा उमटतात. ओला असतानाच वरून इन्स्टंट कॉफीचे चार दाणे टाकले तर प्रत्येक दाण्याभोवती डाग फुटतो, अगदी ओल लागल्यासारखा. मग सुती कापडात ठेवून इस्त्री. आमच्या घरच्या म्हणाल्या, "पाहुण्यांना फिका चहा आणि कागदाला भरपूर पत्ती!" त्या आठवड्यात चहाचा डबा दोनदा भरावा लागला, हे खरं आहे.

मुलांनी माझ्या पुढे मजल मारली. कुणी लिंबाचा रस लावून कागद गरम तव्यावर धरला, कुणी हळदीचं पाणी दिलं, कुणी कांद्याची सालं उकळली. बहुतेकांनी आधी लिहिलं आणि मग बुडवलं, त्यामुळे शाई पसरून पत्राचा निळा चिखल झाला. मग मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, आधी रंग मग मजकूर. एकाने मेणबत्तीवर कडा जाळल्या आणि शर्टाची बाही भाजून घेतली. तेव्हापासून माझ्या वर्गात मेणबत्ती बंद.

आणि फळ्यावरच्या त्याच सूचनेखाली मी आणखी एक ओळ लिहिली होती. ज्याचं पत्र सगळ्यात जुनं दिसेल, त्याचा पहिला नंबर.

तो नंबर ज्या मुलाला मिळाला, त्याची पुढे गोष्ट येणार आहे. त्याने कागदाच्या घड्या घालून तो दोन दिवस चपलेखाली वापरला होता!

त्यानंतर कितीतरी वर्षं मी हा धडा असाच शिकवला. माझ्या मनात पहिली शंका आली ती 2019-20 च्या हिवाळ्यात. तो हिवाळा आपल्या घराघरांत लोखंडी ट्रंका उघडण्याचा होता. कुणाचा जन्मदाखला कुठे, कुणाच्या आजोबांचं खरेदीखत कुठे, नावात 'शेख' आधी की नंतर, एका कागदावर 'अब्दुल' आणि दुसऱ्यावर 'आबदुल' का. आमच्याही घरी अब्बांची ट्रंक उघडली. मी सगळे कागद सतरंजीवर मांडले आणि वयाप्रमाणे लावायला बसलो.

नजरेने लावले ते सगळे चुकले. सर्वांत तपकिरी, हात लावला की कडा तुटणारा कागद होता अब्बांचा शाळा सोडल्याचा दाखला, 1960 च्या दशकातला. त्याहून पिवळं पडलेलं होतं अम्मीचं जुनं रेशनकार्ड. आणि ट्रंकेच्या तळाशी, कापडात गुंडाळलेला, पणजोबांच्याही आधीच्या काळातला मोडीतला एक कागद होता. तो फिकट सायीच्या रंगाचा, मऊ, घडी उघडली तरी न मोडणारा. त्यावरची शाई काल लिहिल्यासारखी काळी.

म्हणजे इतकी वर्षं मी मुलांना जे 'जुनं' बनवायला शिकवत होतो, ते तीनशे वर्षांचं नव्हतंच. ते फार तर साठ वर्षांचं होतं.

कारण समजलं ते नंतर, वाचून आणि विचारून. लाकडाच्या लगद्यात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. लाकूड ताठ राहतं ते त्याच्यामुळे, आणि ऊन-हवा लागली की कागद पिवळा पडतो तोही त्याच्यामुळे. वर्तमानपत्र दोन दिवस खिडकीत ठेवून पाहा. त्यात एकोणिसाव्या शतकापासून गिरण्यांच्या कागदाला शाई फुटू नये म्हणून तुरटी आणि राळ देऊ लागले. त्या तुरटीमुळे कागदात आम्ल राहतं आणि ते आतून त्याला खात बसतं. त्याआधीचा हातकागद वेगळा. तो चिंध्या, सणाच्या जुन्या दोऱ्या, गोणपाट यांचा. चुन्याच्या पाण्यात भिजवून, कुटून, धुऊन केलेला. त्यात लिग्निन कमी, आणि चुन्याचा अंश उरलेला असला तर तो आम्लाला मारतो. असा कागद अंधारात, कोरड्या जागी राहिला तर दोनशे-तीनशे वर्षं सहज टिकतो.

एकदा सहलीला मुलांना वेरूळला नेलं तेव्हा वाटेत दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये कागजीपुऱ्याला थांबलो होतो. गावाच्या नावातच धंदा आहे. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तिच्याबरोबर हे कारागीर आले असं तिथे सांगतात. दौलताबादी कागद आणि जुन्नरचा कागद यांच्यावर मराठ्यांच्या दफ्तरांचा किती कारभार चालला, हे मोडी वाचणाऱ्यांना विचारा. मी स्वतः तिथे हौदातून जाळी वर काढताना पाहिली. पाणी गळून जातं आणि जाळीवर दुधावर साय धरावी तसा कागद उरतो. तो वाळवून, खळ लावून, गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटला नाही तर बोरूची टोकं त्यात अडकतात. आमच्यातल्या एका मुलीने कागदाला हात लावून विचारलं होतं, "सर, हा नवीन आहे की जुना?" तेव्हा मी हसलो होतो.

आता कुणी म्हणेल, मग चहा ही शुद्ध फसवणूकच म्हणायची. तसंही नाही. आपल्याकडच्या खुशनवीसांनी कागद रंगवण्याची कला शेकडो वर्षं सांभाळली. पंधराव्या शतकात नीशापूरच्या सीमी नावाच्या खुशनवीसाने कागद रंगवण्याच्या कृती लिहून ठेवल्या आहेत. केशर, मेंदी यांसारख्या गोष्टी त्यात येतात. तुर्कस्तानातले कातिब चहासुद्धा वापरत आले आहेत. त्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा आणि तुरटीचा हात देतात, मग अकीकाच्या दगडाने घोटतात. पांढऱ्याफटक कागदावर काळी अक्षरं पाहून डोळे थकतात, म्हणून तो रंग. मी स्वतः काही महिने एका उस्तादांकडे खताती शिकलो. ते कोऱ्या कागदावर लिहायला बसूच देत नसत. म्हणायचे, "पहले काग़ज़ की आँख नर्म करो." आणि आपल्या विजापूरच्या चित्रकारांनी सतराव्या शतकात पाण्यावर रंग तरंगवून अबरी कागदाची जी चित्रं केली, ती आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्या लोकांनी कागदाचं रूप बदललं, वय नाही. त्यांचा कागद केशरी असला तरी 'मी दोनशे वर्षांपूर्वीचा आहे' असं तो कुणाला सांगत नव्हता.

वय सांगायला लावलं ते मी. पहिला नंबर देऊन.

ट्रंकेवर परत येतो, कारण तिथे माझ्याच हातून एक चूक झाली. त्या हिवाळ्याच्या धावपळीत मी अब्बांचा दाखला लॅमिनेट करून आणला. सगळेच करत होते, दुकानापुढे रांग होती. गरम रुळातून दाखला बाहेर आला तेव्हा चकचकीत दिसला आणि मला बरं वाटलं. नंतर कळलं की जुन्या कागदाचं याहून वाईट काही करता येत नाही. उष्णता लागते, आम्ल आतच कोंडून राहतं, आणि प्लास्टिक परत काढायला जावं तर शाई आणि कागदाचा वरचा पापुद्रा त्याबरोबर निघून येतो. नशीब, मोडीचा कागद तेव्हा अम्मीच्या कपाटात होता.

आता त्या पहिल्या नंबरच्या मुलाकडे येतो.

तो दहावीनंतर कॉम्प्युटर शिकला आणि बसस्टँडजवळ त्याने दुकान टाकलं. लग्नपत्रिका, बॅनर, दुकानांच्या पाट्या. हात चांगला आहे त्याचा. मी कधी गेलो की खुर्ची पुसून देतो आणि नवीन काहीतरी दाखवतो. एकदा त्याने पडद्यावर कागद जुना करून दाखवला. खऱ्या डागाळलेल्या कागदाचा फोटो मजकुरावर ठेवायचा आणि थराचा प्रकार 'मल्टिप्लाय' करायचा. पांढरं जितकं असेल तितकं नाहीसं होतं आणि काळपट तेवढं खालच्या थरात मुरतं. मग अक्षरांच्या कडा थोड्या खडबडीत करायच्या, मधूनच शाई फिकी करायची, घडीच्या जागी एक उजळ आणि तिला लागून एक गडद रेघ ओढायची. "सर, तुमचा चहा इथे दहा सेकंदांत होतो," तो म्हणाला. मला कौतुकच वाटलं.

आमच्या गावाबाहेर एक छोटा दर्गा आहे. उरूस भरतो, सगळ्या जातीची माणसं येतात, मलिद्याच्या रांगेत कुणी कुणाला विचारत नाही. दर्ग्याला जुनं इनाम आहे अशी गावात वहिवाटीची समजूत. काही वर्षांपूर्वी त्या जमिनीच्या कडेवरून कुरबूर सुरू झाली, तेव्हा कमिटीतल्या काही मंडळींना वाटलं की दर्ग्यात सनद फ्रेम करून लावावी. मुजावर चाचांकडे एक कागद होता, पण तो मोडीत. कुणाला वाचता येईना. आणि मुख्य म्हणजे तो कमिटीला जुना वाटेना. पांढरट, साधा, वीतभर रुंद. मग कुणीतरी मजकूर सांगितला आणि माझ्या विद्यार्थ्याच्या दुकानात एक सुरेख 'शाही सनद' तयार झाली. वर मोहोर, कडेला वेलबुट्टी, तपकिरी डाग, जळालेल्या कडा. छापून झाल्यावर त्याने तिच्यावर खऱ्या चहाचा बोळाही फिरवला होता, मी शिकवला तसा.

मी ती पहिल्यांदा पाहिली उरुसाच्या दिवशी, फातिहा पढून वळताना. दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. मजकूर उर्दूत होता. ज्या काळाची तारीख खाली घातली होती त्या काळात इथल्या दरबारांची लिहिण्याची भाषा फारसी. विजापूरच्या आदिलशाहीची फर्मानं पाहा, फारसी मजकूर आणि पुष्कळदा जोडीला मोडीत मराठी. कुठल्याही बादशहाने दख्खनमध्ये शाळेच्या पुस्तकातल्या उर्दूत जमीन दिलेली नाही. अक्षर तर संगणकावरचं नस्तालीक, ज्याची सुरुवात 1980 च्या सुमारास पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने झाली. सगळे 'नून' एकाच साच्यातले, तीळभर फरक नाही. हाताने लिहिणारा माणूस दोन नून एकसारखे काढूच शकत नाही. वरच्या कोपऱ्यातला डाग आणि खालच्या कोपऱ्यातला डाग एकच, फक्त उलटा केलेला. आणि फाटलेल्या कडेच्या खाली सावली छापलेली होती, सपाट कागदावर.

मी कमिटीतल्या एका बुजुर्गांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "सर, शोभेसाठी आहे. कोण एवढं बघतंय?"

बघणाऱ्याने बघितलं. उरुसाला आलेल्या पोरांनी फोटो काढले, फोटो फोनाफोनीं फिरले, आधी अभिमानाने, मग दुसऱ्या ग्रुपवर वेगळ्याच मजकुरासह. 'खोटी सनद, जमीन हडपण्याचा डाव.' ज्याने हे लिहिलं त्याला फारसी-उर्दूतला फरक कळला नव्हता, पण जळालेल्या कडा बघून त्याला संशय आला, आणि संशय बरोबर होता. त्याला चूक तरी कसं म्हणू?

मग पळापळ झाली. मुजावर चाचांचा तो मोडी कागद घेऊन मी आणि माझा विद्यार्थी एका निवृत्त मोडी वाचकांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, कागद उजेडापुढे धरला, आणि पहिला शब्द वाचण्याआधी म्हणाले, "हातकागद आहे, छान आहे." मग ते वाचू लागले. दर्ग्याची दिवाबत्ती, ऊद, फुलं यांसाठी पूर्वीपासून चालत आलेलं इनाम पुढे चालवावं, असा आशय. तारखेपाशी आले आणि त्यांनी वाचलं, "समान सितैन मया व अलफ."

मी दचकलो. ही तर अरबी! आठ, साठ, शंभर आणि हजार. 1168. मोडी अक्षरांत, मराठी वाक्यात, मराठ्यांच्या कारभाऱ्याने लिहिलेली अरबी. ते हसून म्हणाले, "शुहूर सन. आमच्या कागदांत असंच असतं, सर. पाचशे नव्याण्णव मिळवा." म्हणजे इ.स. 1767-68. थोरल्या माधवराव पेशव्यांचा काळ. मी वीस वर्षं उर्दू आणि मराठी एका शाळेत दोन तासांना शिकवतोय, आणि त्या दोघी मला अशा एका ओळीत भेटल्या त्या दिवशी. आणि आम्ही काय केलं होतं, तर तो कागद पुरेसा 'आपला' दिसत नाही म्हणून दुसरा रंगवून लावला होता.

परतताना माझा विद्यार्थी बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मी फसवायला नाही केलं. तुम्ही शिकवलेलं ना, जुनं दिसलं पाहिजे."

मी म्हटलं, "हो. मीच शिकवलं."

गावात दोन्ही बाजूंची माणसं बसली तेव्हा खरा कागद पुढे ठेवला. वाचन झालं. एक जण कागद वाकून बघत म्हणाला, "हा तर त्याच्यापेक्षाही नवा दिसतोय." काही जण हसले. मी लिग्निन, चुना, काजळीची शाई, सगळं सांगायला लागलो, आणि बोलता बोलताच लक्षात आलं की आता मी काहीही सांगितलं तरी ते एका खोट्या कागदाच्या मागून येणार आहे. एकदा फसलेला माणूस दुसऱ्या वेळी खऱ्यालाही नखाने खरवडून पाहतो. मुजावर चाचा गप्प बसून होते. त्यांच्या खानदानाने तो कागद अडीचशे वर्षं कापडात गुंडाळून सांभाळला होता.

दफ्तरातली जोडनोंद मिळावी म्हणून पुण्याला पुराभिलेखागारात अर्ज केला आहे. फ्रेम उतरवली. ती माझ्या विद्यार्थ्याने स्वतः येऊन उतरवली, कुणी सांगायच्या आधी. मोडीचा कागद आता बिनआम्लाच्या कागदाच्या पाकिटात सपाट ठेवला आहे. लॅमिनेशनवाल्याकडे न्यायला निघालेल्या एका उत्साही तरुणाला मी अक्षरशः रस्त्यात अडवलं.

चहाचा धडा मी बंद केलेला नाही. मुलांना त्यात मजा येते, आणि कागद हाताळल्याशिवाय कागद कळत नाही. पण आता मी दोन ताटं ठेवतो. एकात चहा. दुसऱ्यात नुसता कागजीपुऱ्याचा हातकागद, आणि शेजारी वर्तमानपत्राचा तुकडा आठवडाभर उन्हात ठेवलेला. मुलांनी आधी ओळखायचं, कुठला जुना. सगळे चुकतात, मीही चुकलोच होतो. पहिला नंबर आता अक्षराला देतो. गेल्या महिन्यात माझा तो विद्यार्थी दुकान दोन तास बंद ठेवून वर्गात आला आणि खोटा डाग कसा ओळखायचा ते त्याने मुलांना पडद्यावर दाखवलं. माझ्यापेक्षा चांगलं शिकवलं त्याने.

आणि एक नवीन नियम. कागद ताटात सोडण्याआधी त्याच्या पाठीवर आपलं नाव, इयत्ता आणि आजची तारीख लिहायची, पेन्सिलने.

आठवीतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, चहात पुसून नाही जाणार?"

"नाही. शाई जाते. पेन्सिलीचं शिसं पाण्यात विरघळत नाही."

तिने तारीख लिहिली, खात्री वाटेना म्हणून पुन्हा एकदा दाबून गिरवली, आणि मग कागद हळूच चहात सोडला.